तास चालू, पिक्चर चालू!

मॅटिनीसाठी कॉलेजला दांडी मारणाऱ्यांनो, जरा खुर्ची घट्ट धरा. ब्रिटनमध्ये पोरं पिक्चर बघून चक्क बोर्डाची परीक्षा देतात! जीसीएसई म्हणजे तिथली दहावी, आणि तिथे गणित-इतिहासाच्या जोडीला 'फिल्म स्टडीज' हा विषय घेता येतो.

मज्जाच मज्जा? थांबा! एडुकास बोर्डाकडे दीड-दीड तासाचे दोन लेखी पेपर असतात आणि सिनेमे सहा. 'हिरो भारी होता' एवढं लिहून मार्क मिळत नाहीत, राव. कॅमेरा कुठे ठेवला, उजेड कुठून आला, कट कुठे मारला, सगळं सांगावं लागतं. शिवाय 'मीझाँसेन' पाठ हवं. (हे बंगाली आडनाव नव्हे! फ्रेममध्ये जे जे मांडलंय, ते सगळं म्हणजे मीझाँसेन.)

आता खरी धमाल. या बोर्डाच्या यादीत कोणता सिनेमा आहे, माहीत आहे का? 'फेरिस ब्युलर्स डे ऑफ', १९८६. स्टोरी काय, तर आजारपणाचं नाटक करून शाळेला दांडी मारणारा पोरगा! म्हणजे दांडीवरचा सिनेमा बघायला तासाला हजर राहायचं. अभ्यासक्रम ठरवणाऱ्याला आमचा कडक सॅल्यूट.

जोड्याही झकास लावल्यात. १९३१चा 'ड्रॅक्युला' आणि १९८७चा 'द लॉस्ट बॉइज': दोन्हीकडे रक्तपिपासू, मध्ये ५६ वर्षं. 'सिंगिंग इन द रेन'शी 'ग्रीस'ची जोडी. 'ग्रीस'मधली शाळकरी रिझो आठवते? शूटिंगच्या वेळी स्टॉकर्ड चॅनिंग होती ३३ वर्षांची! कॉलेजकुमार म्हणून मिरवणारे आपले पोक्त हिरो उगाच बदनाम.

आणि यादीतला 'वज्दा'? सायकलसाठी हट्टाला पेटलेल्या सौदी मुलीची गोष्ट. दिग्दर्शिका हैफा अल-मन्सूर. रियाधच्या रस्त्यावर बाईनं पुरुषांसोबत उघड काम करणं अवघड, म्हणून तिनं काही शूटिंग व्हॅनमध्ये बसून वॉकीटॉकीवरून उरकलं. २०१२चा हा सिनेमा आला तेव्हा तिच्या देशात थिएटरांवर बंदी होती.

प्रॅक्टिकल? आहे ना, ३० टक्के! दोन ते अडीच मिनिटांचा सीन शूट करा, नाहीतर पटकथेचा तुकडा लिहा. वर 'मी असं का केलं' हेही लिहून द्या. (हा नियम काही नामवंत दिग्दर्शकांनाही लावावा, अशी आमची नम्र सूचना.)

लेखी पेपरचा धसका असेल, तर आयबी डिप्लोमाचा 'फिल्म' विषय बघा. शेवटी लेखी परीक्षाच नाही! पण सिनेमातला फार तर पाच मिनिटांचा तुकडा निवडायचा आणि त्यावर १,७५० शब्दांपर्यंत विश्लेषण लिहायचं. पाच मिनिटांत आपले पॉपकॉर्नही संपत नाहीत.

फ्रान्स तर आणखी पुढे. तिथे 'शाळा आणि सिनेमा' ही सरकारी योजना १९९४पासून आहे. प्राथमिकची चिल्लीपिल्ली वर्गासोबत थेट थिएटरात!

आपलं मुंबई कनेक्शन काय, माहीत आहे का? जीसीएसईच्या अभ्यासक्रमातल्या सिनेमा-इतिहासाच्या टाइमलाइनची सुरुवात १८९५पासून होते, ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांच्या काळापासून. तीच चित्रं ७ जुलै १८९६ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झळकली. आणि यादीतल्या 'स्लमडॉग मिलियनेअर'वर प्रश्न येतो कथनरचनेचा: क्विझ, फ्लॅशबॅक, पुन्हा क्विझ. शेवटी व्हीटीच्या फलाटावर 'जय हो'चा नाच. तिकडची पोरं त्यावर मार्क कमावतात, इकडे त्याच फलाटावर आपण विंडो सीट कमावतो.