छोट्या कलिंब्यावर आपली गाणी का अडकतात? एक पातं सरकवून सूर कसा बदलायचा?

आठ पात्यांचा छोटा कलिंबा घरी आला की पहिली दोन-चार गाणी पटकन जमतात. मग आजीची ओवी किंवा शाळेतली प्रार्थना वाजवायला घेतली, की चाल मध्येच अडते. हवा तो सूर वाद्यावर नसतोच! पण तेवढ्यासाठी मोठा कलिंबा घ्यायची गरज नाही. त्याचे सूर बदलता येतात, तेही घरच्या घरी.

कलिंबा आला कुठून?

झिम्बाब्वेतल्या शोना लोकांचं एम्बिरा हे या वाद्याचं जुनं रूप. संगीत-संशोधक ह्यू ट्रेसी यांनी १९५०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत त्याचं सुटसुटीत रूप 'कलिंबा' नावाने विकायला सुरुवात केली. एम्बिरा बनवण्याच्या आणि वाजवण्याच्या कलेला २०२०मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं.

गाणं अडतं कुठे?

आठ पात्यांच्या कलिंब्यावर बहुतेक वेळा सा रे ग म प ध नी आणि वरचा सा, असे शुद्ध सूर असतात. पात्यांवर ते सी, डी, ई असे कोरलेले असतात.

इथे दोन अडचणी येतात. एक, कोमल आणि तीव्र सूर नाहीत. दोन, चाल 'सा'च्या खाली उतरली तर तिथे पातंच नाही.

आधी 'सा' बदलून पाहा

हातोडी उचलण्याआधी हे करा. सर्वात लांब पात्यालाच 'सा' मानायचं, असा काही नियम नाही.

- डी ला सा माना : ग आणि नी कोमल होतात. हे काफी थाटाचे सूर.
- ई ला सा माना : रे, ग, ध, नी कोमल. म्हणजे भैरवी.
- एफ ला सा माना : म तीव्र होतो. म्हणजे कल्याण थाट. शिवाय 'सा'च्या खाली प, ध, नी ही तीन पातीही मिळतात.

पातं एकही हललं नाही, तरी गाणी वाढली.

मग एकच पातं सरकवा

आता एफ ला सा मानून फक्त बी हे पातं अर्धा सूर उतरवा. ट्यूनर अ‍ॅपवर ते बी फ्लॅट किंवा ए शार्प दिसेल. तीव्र म शुद्ध झाला, आणि खालच्या प पासून वरच्या प पर्यंत सगळे शुद्ध सूर हाताशी आले. 'सा'च्या खाली-वर फिरणाऱ्या कितीतरी साध्या चाली यात बसतात.

भैरव हवा असेल तर सी लाच सा ठेवा आणि डी व ए ही दोन पाती अर्धा-अर्धा सूर उतरवा.

सरकवायचं कसं?

पात्याचा मोकळा भाग जितका लांब, तितका सूर खाली. पुढच्या टोकावर हळू ठोकलं की पातं आत जातं, सूर चढतो. मागच्या टोकावर ठोकलं की पातं बाहेर येतं, सूर उतरतो.

मोकळा भाग ४० मिलिमीटर असेल, तर अर्ध्या सुरासाठी साधारण १ मिलिमीटर पुरतं. म्हणून एक हलका ठोका, मग वाजवून अ‍ॅपवर पाहणं, मग पुढचा ठोका. एका पात्याला एका सुरापेक्षा जास्त ओढू नका. पातं सैल होऊन खरखरतं किंवा नाद बसका होतो.

घरोटावरच्या चालीला किती सूर लागतात?

जळगावजवळचं असोदा हे बहिणाबाई चौधरींचं जन्मगाव. जन्म १८८०चा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरकाम आणि शेतकाम करता करता त्यांनी रचलेली गाणी घरच्यांनी टिपून ठेवली आणि १९५२मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरात, पुस्तकरूपाने आली.

पण पुस्तकात शब्द राहतात, चाल राहत नाही. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. त्यावर बायका ज्या चालींवर ओव्या म्हणत, त्या गळ्यातून गळ्यातच आल्या. घरोट थांबला, तशी त्या म्हणायची वेळही गेली.

यातल्या अनेक चाली चार-पाच सुरांतच फिरतात. म्हणजे आठ पाती पुरून उरतात. घरात कुणाला अशी चाल येत असेल, तर आधी ती मोबाईलवर रेकॉर्ड करा. कोणते सूर पुन्हा पुन्हा येतात ते शोधा आणि पाती त्याप्रमाणे लावा. चालीत न लागणारं पातं मोकळंच आहे, शेजारचा हवा तो सूर त्यावर बसवा.

काय जमणार नाही?

कलिंब्यावर मींड निघत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. त्यामुळे गळ्यातली हरकत सुटेल, चालीचा सांगाडा मात्र हाती येईल. ती चाल पुढच्या पोराला ओळखू येण्यासाठी एवढंही पुरेसं आहे.