गाडी ओढत नाही

साखरप्याहून आंबा घाट चढताना आमच्या जुन्या डिझेल जीपने जी तक्रार वळणावळणाला मांडली होती, तिची सविस्तर कैफियत ऐकून घेतल्यावर मलकापूरच्या वृद्ध मिस्त्रींनी बॉनेटला हातही न लावता प्रथम एवढेच विचारले, "सायेब, ओढ गेली तवा धूर कसला पडत हुता? काळा, पांढरा, का कायबी न्हाई?" धूर मुळीच नव्हता, आणि हे उत्तर त्यांना इतके मोलाचे वाटले, की साक्षीदाराची जबानी घ्यावी तसे त्यांनी ड्रायव्हरला बाजूला घेऊन तेच पुन्हा विचारले आणि पुरती खातरजमा करून घेतली.

या प्रश्नाचे महत्त्व डिझेल इंजिनाच्या मूळ रचनेतच आहे. ऑग्सबुर्ग येथे १८९७ साली रुडॉल्फ डिझेल यांनी जे इंजिन यशस्वी करून दाखविले, त्यात इंधन पेटविण्यासाठी ठिणगीची योजना नव्हती. सिलिंडरातील हवा आजच्या इंजिनांत मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते विसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते, त्या दाबाने तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाते, आणि त्या तप्त हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. अशा जुन्या इंजिनात हवेला सहसा अटकाव नसतो. किती शक्ती निर्माण व्हावी हे केवळ डिझेलच्या मात्रेवर ठरते. तेव्हा हवा अपुरी पडली तर डिझेल अर्धवट जळून काळा धूर पडतो, फवारलेले डिझेल न जळताच बाहेर आले तर पांढरा, इंजिन ऑइल जळू लागले तर निळा. परंतु ओढही नाही आणि धूरही नाही, असे जेथे घडते तेथे डिझेलच पुरेसे पोहोचत नाही, असा संशय प्रथम घ्यावा लागतो.

वाटेतल्या एका गॅरेजात मात्र डिझेल फवारणीचा पंप उतरवून तो दुरुस्तीला पाठविण्याची तजवीज आम्हांला सांगण्यात आली होती. मिस्त्रींना हे सांगताच त्यांचा स्वर किंचित चढला. "पंपाला हात लावायचा न्हाई अजून. आधी त्याच्यापातुर डिझेल पोचतंय का बघूया." त्यांचा हा आग्रह मला सर्वथा योग्य वाटतो, कारण या पंपातील प्लंजर आणि त्याचे बॅरल ही जोडी एकमेकांत घासून बसविलेली असते, त्यांच्यामधील फट मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागांइतकीच असते, आणि रस्त्याकाठच्या धुळीत तो पंप उघडणे म्हणजे निर्दोष यंत्रावर नवा दोष लादणे होय. तो उघडायचा तर टेस्ट बेंच असलेल्या कारखान्यातच उघडावा.

एअर फिल्टर त्यांनी काढला, उजेडापुढे धरला आणि परत बसविला. त्यानंतर जीप गावाबाहेरच्या चढावर, ओढ जाईपर्यंत, नेऊन आणली आणि इंजिन चालू असतानाच टाकीच्या झाकणाशी कान लावून ते सावकाश उघडले. झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले असले, तर डिझेल उपसले जाता जाता टाकीत निर्वात निर्माण होतो आणि झाकण उघडताच हवा आत ओढली गेल्याचा आवाज येतो. आवाज आला नाही.

पुढची परीक्षा मात्र मी विशेष लक्ष देऊन पाहिली. मिस्त्रींनी पाच लिटरच्या कॅनमध्ये स्वच्छ डिझेल भरले, टाकीकडून येणारी नळी सोडवून तिच्या जागी पारदर्शक नळी लावली, परतीची नळीही त्याच कॅनमध्ये सोडली, आणि तो कॅन बॉनेटवर न बांधता पुढच्या सीटच्या पायथ्याशी ठेवला. उंचावर ठेवलेल्या कॅनमधून डिझेल स्वतःच्या भाराने उतरते आणि टाकीतून डिझेल खेचणारा फीड पंप अशक्त असला तरी त्याचा कसूर झाकला जातो. खाली ठेवलेला कॅन त्याला स्वतःच्या बळाने खेचायला लावतो. एवढी सावधगिरी शिकविणारी पाठशाळा कोणती असेल, असा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही. मग कॅनमध्ये बोळा कोंबून त्यांच्या हाताखालच्या पोराने तो पायांत धरला आणि आम्ही पुन्हा त्याच चढावर गेलो. जीप तिसऱ्या गिअरमध्ये, जराही न कचरता, माथ्यापर्यंत गेली.

त्या एका फेरीने पंप, नोझल, फिल्टर आणि फीड पंप हे सारे एकाच वेळी निर्दोष ठरले. संशय उरला तो केवळ टाकी आणि फीड पंप यांच्यामधील नळीवर व खुद्द टाकीवर. या भागाचे वैशिष्ट्य असे, की येथे डिझेल ढकलले जात नसून खेचले जाते, त्यामुळे नळीला बारीक चीर पडली तरी थेंबही बाहेर गळत नाही. उलट हवाच आत शिरते, आणि कोरडी नळी पाहून मनुष्य निःशंक होतो. म्हणून मिस्त्रींनी टाकीची नळी पूर्ववत जोडताना पारदर्शक नळीचा तुकडा मध्ये तसाच ठेवला. बुडबुडे दिसले असते तर एकेक जोड तपासून तांब्याचे वायसर बदलावे लागले असते. परंतु बुडबुडे नव्हते, केवळ धार क्षीण होत होती.

टाकी उतरविली तेव्हा तिच्या तळाशी पाणी आणि त्यावर तपकिरी, बुळबुळीत साय आढळली. पाणी डिझेलहून जड असल्यामुळे तळाला बसते, आणि जेथे पाणी व डिझेल एकमेकांना टेकतात तेथे बुरशी व सूक्ष्म जीव वाढतात; कोकणातील दमट हवेत अर्धी रिकामी टाकी दीर्घ काळ उभी राहिली, की हे पाणी हवेतूनही साचते. तीच साय खेचनळीच्या तोंडच्या जाळीवर जाऊन चिकटत होती. सपाटीवर इंजिनाला डिझेल थोडे लागते, म्हणून तेथे तक्रार नव्हती. चढावर मागणी वाढताच साय जाळीवर ओढली जाई, आणि गाडी थांबवून इंजिन बंद केले की ती सुटून खाली बसे. घाटात थोडा वेळ विसावल्यावर गाडी पुन्हा नीट का चाले, याचा उलगडा असा त्या टाकीतच झाला.

टाकी धुऊन, फिल्टर बदलून, हातपंपाने डिझेल चढवीत मिस्त्रींनी आत शिरलेली हवा काढली: प्रथम फिल्टरचा स्क्रू सैल करून, त्यातून फेस जाऊन अखंड धार येईपर्यंत, मग पंपाचा, आणि शेवटी स्टार्टर मारीत नोझलच्या नळ्यांचे नट. नव्या कॉमन रेल गाड्यांत नोझलचे नट असे सोडणे प्राणावर बेतू शकते, कारण तेथील दाब १,५०० बारच्याही वर जातो आणि ती धार कातडी भेदून आत शिरते. त्या गाड्यांत स्कॅनर दाब कमी असल्याचे सांगतो, परंतु तो का कमी आहे याचा निवाडा बहुतेक वेळा त्याला करता येत नाही; तो शोध तेथेही टाकीपासूनच सुरू करावा लागतो.

वाचकांना माझी विनंती एवढीच, की गाडी ओढेनाशी झाली तर धुराचा रंग, रस्त्याचा चढ आणि विसाव्यानंतर पडणारा फरक या तीन गोष्टी लक्षात ठेवून मिस्त्रीला सांगाव्यात, आणि जुन्या पद्धतीचा पंप असलेल्या गाडीत तो उतरविण्यास संमती देण्यापूर्वी गाडी कॅनवर चालवून पाहण्याचा आग्रह धरावा.