‘रॅम क्लिअर्ड’नंतर नेमके काय उरते?

ग्राफिंग कॅल्क्युलेटरच्या, म्हणजे समीकरणांचे आलेख काढून दाखवणाऱ्या गणनयंत्राच्या पडद्यावर ‘रॅम क्लिअर्ड’ हे शब्द उमटले की आतील सर्व काही गेले, असा समज सर्रास करून घेतला जातो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८३ प्लस (१९९९) आणि टीआय-८४ प्लस (२००४) या मॉडेलांपुरते बोलायचे तर तो चुकीचा आहे, कारण त्यांत वापरणाऱ्याच्या वाट्याला दोन वेगवेगळ्या मेमरी येतात. रॅम ही वीज मिळत राहील तोवरच मजकूर धरून ठेवणारी मेमरी असून तिच्यात सुमारे २४ किलोबाइट जागा मोकळी असते; दुसरी फ्लॅश मेमरी, जिला यंत्राच्या मेनूत ‘आर्काइव्ह’ म्हटले आहे, ती विजेशिवायही मजकूर जपते आणि तिची जागा टीआय-८३ प्लसमध्ये सुमारे १६०, तर टीआय-८४ प्लसमध्ये सुमारे ४८० किलोबाइट असते. वरील सूचना फक्त पहिलीविषयी असते. मेमरीच्या यादीत ज्या नावांपुढे तारांकन दिसते ती आर्काइव्हमध्ये असतात आणि ती बहुधा जागच्या जागी सापडतात.

कॅल्क्युलेटर बंद केल्याने रॅम पुसली जाते, हा समज तर अगदीच निराधार म्हणावा लागेल. बंद अवस्थेतही बॅटरीतून अत्यल्प वीज रॅमला मिळत राहते, आणि सुमारे पाच मिनिटे कळ न दाबल्यास यंत्र आपोआप बंद होते तेव्हाही सर्व नोंदी शाबूत राहतात. खरा प्रश्न बॅटरी बदलताना उद्भवतो. ट्रिपल-ए आकाराच्या चार सेलांखेरीज या मॉडेलांत एक बटणसेल असतो, ज्याचे एकमेव काम म्हणजे मुख्य सेल काढलेले असताना रॅमला जिवंत ठेवणे. तो एरवी कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि निर्मात्याने तीन-चार वर्षांनी बदलण्यास सांगितलेला असूनही वर्षानुवर्षे तसाच राहतो. म्हणून दर वेळी सेल बदलल्यावरच मेमरी जात असेल, तर नव्या सेलांना दोष न देता या बटणसेलाकडे पाहावे, आणि मुख्य सेल व बटणसेल एकाच वेळी कधीही काढू नयेत. टीआय-८४ प्लस सीई या पुढच्या मॉडेलात चार्ज होणारी एकच बॅटरी असल्याने ही दुहेरी सोय नाही.

बॅटरी ठीक असूनही मेमरी जाते, तेव्हा यंत्र बिघडले असा निष्कर्ष काढण्याआधी शेवटी कोणता प्रोग्राम चालवला होता हे आठवून पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. यंत्राच्या स्वतःच्या बेसिक भाषेतील प्रोग्राम चुकला तर केवळ त्रुटीचा संदेश येतो; परंतु प्रोसेसरला थेट आज्ञा देणाऱ्या असेंब्ली भाषेतील प्रोग्रामला, ज्यात बरेचसे खेळ मोडतात, अडवणारी कोणतीही भिंत या यंत्रांत नसते, आणि तो भरकटला की रॅम पुसून नव्याने सुरुवात करण्यावाचून यंत्राला गत्यंतर उरत नाही. एकाच प्रोग्रामनंतर हे पुनःपुन्हा घडत असेल तर गुन्हेगार सापडला, असे समजायला हरकत नाही. मात्र यंत्र हातातून पडल्यावर किंवा हलल्यावर असे होत असेल, तर सेलांच्या ढिल्या पट्ट्या तपासाव्यात.

काही वेळा तर काहीच गेलेले नसते. सांख्यिकी संपादकात यादीच्या नावावर ‘डिलीट’ कळ दाबली की ती यादी केवळ नजरेआड होते, मेमरीतून जात नाही, आणि ‘सेटअप-एडिटर’ ही आज्ञा दिल्यावर एल-१ ते एल-६ या याद्या पुन्हा दिसू लागतात. सेल बदलल्यावर कोरा वाटणारा पडदाही पुष्कळदा फक्त फिका झालेला असतो, आणि ‘सेकंड’नंतर वरच्या बाणाची कळ दाबून धरली की मजकूर उमटतो.

उलट बाजूचा गैरसमज असा की ‘गार्बेज कलेक्ट?’ या प्रश्नाला होकार दिल्यास जपलेले प्रोग्राम कचऱ्यात जातील. फ्लॅश मेमरीतील एखादी सुटी नोंद पुसता येत नाही, तिचा पूर्ण विभाग एकदम पुसावा लागतो. त्यामुळे काढून टाकलेल्या नोंदी जागा अडवून बसतात, आणि होकार मिळाल्यावर यंत्र चालू नोंदी एकत्र रचून ती जागा मोकळी करते. या कामाला २० मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. नकार दिल्यास आर्काइव्ह भरल्याची तक्रार येते, इतकेच.

आर्काइव्ह हा अभेद्य कोट मात्र नव्हे. एक्स आणि वाय यांसारखी काही चले, तसेच आलेखासाठी लिहिलेली समीकरणे तिथे ठेवता येत नाहीत. शिवाय टीआय-८४ प्लसवर बेसिक प्रोग्राम चालवण्यापूर्वी तो रॅममध्ये आणावा लागतो, आणि आणताना त्याची प्रत निघत नाही, तो स्वतःच हलतो. परत पाठवायचा राहिला तर पुढच्या बिघाडात तोही जातो. हे टाळायचे असल्यास मेमरीच्या मेनूतून अनेक नोंदींचा ‘ग्रुप’ करावा, कारण ग्रुपची प्रत आर्काइव्हमध्ये राहते आणि मूळ नोंदी रॅममध्ये चालू ठेवता येतात.