रक्तक्षय म्हणजे कुठला क्षय?

मागच्या वर्षी माझी भाची कागदांचा गठ्ठा घेऊन घरी आली. एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षाला आहे ती. म्हणाली, "मामू, तुम्ही कविता करता, एवढ्या प्रश्नांचं मराठी करून द्या." विडी वळणाऱ्या बायकांमधल्या रक्तक्षयाचा अभ्यास तिला करायचा होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद १९७९पासून वैद्यकीय विद्यार्थ्यांना अशा दोन महिन्यांच्या संशोधनासाठी विद्यावेतन देत आली आहे. विषयही निकडीचा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले.

मी बी.ए. झालेला माणूस. 'आपणांस रक्तक्षयाची लक्षणे जाणवतात काय?' असे सुरेख वाक्य करून दिले. सोलापूरच्या आमच्या मोहल्ल्यात पहिल्याच घरी तिने ते सहज वाचून दाखवले. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या खाला थबकल्या. "क्षय? आमच्यात कुणाला टीबी नाही. बोभाटा करू नका, पोरीचं लग्न ठरतंय!" दार लागले. शब्द माझा होता, फजिती पोरीची झाली.

मग बेत उलटा मांडला. संमतीपत्र आणि प्रश्नावली आधी नैतिकता समितीपुढे जाते. मंजुरीनंतर काही बदलायचे तर पुन्हा समितीची परवानगी. दोन महिन्यांत त्याला सवड कुठली? म्हणून गप्पा अर्ज लिहिण्याआधीच मारायच्या. आशाताईंना सोबत घेऊन भाची आठ-दहा घरी नुसती बसून आली. सकाळी विड्या कारखान्यात द्यायच्या असतात, तेव्हा कुणी बोलत नाही, हे तिथेच कळले. बायका म्हणाल्या, "रक्ताचं विचारतेस ते ठीक, पण मान धरते, बोटं आखडतात, त्याचं कोण विचारणार?" तो प्रश्नही कागदावर आला.

न विचारलेल्या प्रश्नाचे मोल गडचिरोलीत दिसले आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग निघाला. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आले, तोवर बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढाच हिशेब होता.

बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, तर आकडा त्याच वेळी त्या बाईला सांगायचा. कमी निघाला तर कुठल्या दवाखान्यात, कुठल्या वारी पाठवायचे, तेही आधी ठरवायचे. भाचीच्या पहिल्या आराखड्यात तक्ते भरपूर होते, हे कुठेच नव्हते.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा खालांकडे गेलो. आता कागदावर 'अंगात रक्त कमी असणे' होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले, चहा दिला आणि विचारले, "माझं नाव आणि आकडा कारखान्यात कळेल का?"

भाची माझ्याकडे बघू लागली. संमतीपत्रात याचे उत्तर होते, पण तिसऱ्या पानावर आणि माझ्या भारदस्त मराठीत. त्या रात्री ते सोपे करून आम्ही पहिल्या ओळीत आणले.