जुन्या ट्रकचं इंजिन : घरी बांधावं का?

१९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेंझशी १५ वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक रस्त्यावर आले. त्यातला एखादा वाडवडिलांचा ट्रक अंगणात उभा असला, की वाटतं, याचं इंजिन आपणच बांधावं.

हौस चांगली, पण पाना हाती घेण्याआधी दुखणं ओळखा. काळा धूर बहुधा नोझल, पंप किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरमुळे येतो; त्यासाठी इंजिन खोलावं लागत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. सोबत कॉम्प्रेशनही उतरलं असेल, तर बहुधा रिंगा-लायनर झिजलेत.

खोलणं, धुणं, खुणा करून ठेवणं, पुन्हा जुळवणं घरी जमतं. क्रँक ग्राइंडिंग मात्र मशीनशॉपचं काम आणि पंपाचं कॅलिब्रेशन पंपवाल्याचं. जुळवताना टॉर्क पाना हवाच. अंदाजाने आवळलेलं बेअरिंग क्रँकही खातं.

खोललंत तर आधी क्रँक मापून घ्या. ब्लॉकला तडा नसेल, क्रँकला ग्राइंडिंगपुरतं माप उरलं असेल आणि त्या मापाची बेअरिंगं मिळत असतील, तरच पुढचा खर्च करा. ट्रकवर पोट असेल, तर इंजिन मेस्त्रीकडेच द्या. हौसेचा ट्रक सहा महिने ठोकळ्यांवर राहिला तरी चालतो.