वायरच्या शेवटच्या टोकाला

फायर अलार्मचं काम शिकायला आलेल्या पोराला वाटतं, छतावर पांढरी डबी बसवली की झालं. खरी मेख असते वायरच्या शेवटच्या टोकाला. साध्या, पारंपरिक यंत्रणेत तिथे एक चिमुकला रेझिस्टर जोडतात, बऱ्याचदा ४.७ किलोओहमचा. २४ व्होल्टच्या पॅनेलवरून त्यातून साधारण ५ मिलिअँपिअर वीज सतत वाहते. धुराने डिटेक्टर जागा झाला की प्रवाह वाढतो, पॅनेल आगीची घंटा वाजवतं. उंदराने वायर तोडली की प्रवाह शून्य, मग बिघाडाचा दिवा लागतो. म्हणजे काहीच घडत नसताना यंत्रणा स्वतःची नाडी तपासत असते!

म्हणून पहिली ताकीद: मध्येच फाटा काढायचा नाही. चार मीटर वायर वाचते खरी. पण फाट्यावरची तार तुटली तरी रेझिस्टरपर्यंतचा प्रवाह अखंड राहतो. डिटेक्टर मेलेला आणि पॅनेल म्हणतं, सगळं ठीक.

बाकी जागेचं गणित. स्वयंपाकघरात धुराचा नव्हे, उष्णतेचा डिटेक्टर; नाहीतर रोजच्या फोडणीला घंटा. भारतात या कामाची संहिता आहे आयएस २१८९. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं.

सगळ्यात हास्यास्पद चूक मात्र गणिताची नाहीच. रंगकाम चालू असताना डिटेक्टरवर चढवलेली धुळीची टोपी काढायलाच लोक विसरतात.