दिसण्याचे वय आणि शाळेचा रंगमंच

ऑस्ट्रेलियात 10 डिसेंबर 2025 पासून अमलात आलेल्या कायद्याने 16 वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांचे दरवाजे बंद झाले, आणि तेव्हापासून आपल्याकडेही, विशेषतः ज्यांची उपजीविकाच संगणकावर चालते अशा बंगळूरकर पालकांत, असा कायदा येथे करावा की करू नये ही चर्चा काही शमलेली नाही. कलमे, दंड आणि वय पडताळण्याच्या युक्त्या यांविषयी वाचकांनी पुष्कळ वाचले आहे. परंतु चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींना त्या इवल्या पडद्याची एवढी अनिवार ओढ का लागते, या मूळ प्रश्नाकडे फारसे कोणी वळलेले दिसत नाही. माझ्या मते त्याचे उत्तर सरळ आहे. या वयात माणसाला दिसायचे असते. आपण कोण हे अजून ठरलेले नसते, आणि म्हणूनच आपण कोणासारखे दिसतो ही चिंता अहोरात्र पाठ सोडत नाही.

बंगळूरच्या कोणत्याही माध्यमिक शाळेच्या फाटकाशी सकाळी क्षणभर उभे राहावे. गणवेश सर्वांचा एकच. पण टायची गाठ छातीपर्यंत उतरलेली, बाह्यांना दोन घड्या, स्कर्ट कमरेशी गुंडाळून चार बोटे वर घेतलेला, पायमोजे घोट्याखाली लपवलेले, अशा बारीकसारीक बंडांतून प्रत्येक जण स्वतःचे निराळेपण जपत असतो. वाढदिवसाला गणवेशाऐवजी 'कलर ड्रेस' घालून येण्याची मुभा असते, तो दिवस तर कित्येक आठवडे आधीपासून मनात घोळत असतो. सध्याची रीत कोरियन गायकांच्या चित्रफितींतून आलेली आहे: पाचोळ्यासारखी सैल विजार, खांद्यावरून ओघळणारा सदरा, आणि पांढरे जाड तळव्यांचे बूट. कमर्शियल स्ट्रीट आणि ब्रिगेड रोड येथील दुकानांत हे कपडे 'एक्स्पोर्ट सरप्लस' या नावाने स्वस्तात मिळतात, आणि यात एक गोष्ट विसरता येत नाही, ती ही की यांतील पुष्कळसा माल याच शहराच्या पीण्या, बोम्मनहळ्ळी आणि म्हैसूर रस्त्याकडच्या कारखान्यांत शिवला जातो. परदेशी पेढ्यांसाठी तो शिवणाऱ्या बायांनी एप्रिल 2016 मध्ये, भविष्यनिर्वाह निधी काढण्यावर सरकारने घातलेल्या निर्बंधांविरुद्ध रस्त्यावर उतरून तो हुकूम मागे घ्यायला लावला होता. त्या विजारीला हात लागले ते कोणाचे, हे ती घालणाऱ्या मुलीला शाळेत कोणी सांगत नाही.

तथापि फॅशनची निंदा करण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. मराठी माणसाने तर ती करूच नये, कारण आपल्याकडे फॅशन रस्त्यावर आली तीच मुळी रंगभूमीवरून. बालगंधर्वांनी शालू कसा नेसला, पदर कसा घेतला, अंबाड्यात फुले कशी माळली, हे पाहून घरोघरच्या स्त्रियांनी आपल्या राहणीला वळण दिले, आणि पुरुषांच्या डोक्यावर गंधर्व टोपी चढली. भेद इतकाच की त्या काळी जे अनुकरणीय वाटले त्याच्या पाठीशी एक पात्र होते, त्या पात्राचे दुःख होते, भाषा होती, आणि ते साकारण्यासाठी घेतलेले अपार कष्ट होते. आजच्या चित्रफितीत वस्त्र तेवढे उरले आहे आणि पात्र हरपले आहे.

म्हणूनच मला शाळेच्या नाटकाचे मोल फार वाटते. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलने जवळ आली की ड्रेपरीवाल्याकडून पेटारे येतात; त्यांतून कापराचा आणि आदल्या कुणाच्या तरी घामाचा संमिश्र वास असलेला अंगरखा निघतो, आणि जो मुलगा एरवी केसांची एक बट जागची हलली तर अस्वस्थ होतो, तोच संगोळ्ळी रायण्णा किंवा केंपेगौडा होण्यासाठी दोन मापे मोठा असलेला तो अंगरखा पाठीमागे सेफ्टी पिना लावून, निमूटपणे अंगावर चढवतो. कित्तूरची चन्नम्मा झालेल्या मुलीला कमरेला तलवार असताना पायऱ्या कशा चढाव्या हे शिकावे लागते. वस्त्र आपल्यासाठी आहे या जाणिवेऐवजी आपण वस्त्रातल्या माणसासाठी आहोत, ही जाणीव तिला तेव्हा होते, आणि दिसण्याची ती नैसर्गिक तहान खऱ्या अर्थाने येथे भागते, कारण प्रेक्षागृहातील सर्व डोळे तिच्याकडे लागलेले असतात, पण ती स्वतःकडे पाहत नसते.

ही जाण ज्या एका वास्तूने बंगळूरच्या पोरांना दिली, ती म्हणजे जयप्रकाश नगरातील 'रंग शंकरा'. तिची कहाणी मराठी वाचकाला परकी नाही. होन्नावर तालुक्यातील कर्कीच्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते पाहून चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 1843 साली 'सीता स्वयंवर' रचले, आणि मराठी नाटकाचा उगम झाला. त्याच होन्नावर परिसरातला शंकर नाग हा तरुण पुढे मुंबईस येऊन मराठी रंगभूमीवर घडला, '22 जून 1897' या मराठी चित्रपटाच्या निर्मितीत सहभागी झाला, आणि कर्नाटकात परतून त्याने 'मालगुडी डेज' मधून शाळकरी स्वामीला घरोघर पोचवले. 30 सप्टेंबर 1990 रोजी दावणगेरेजवळ झालेल्या अपघातात त्याला वयाच्या पस्तिसाव्या वर्षी मृत्यूने गाठले. नाट्यगृहाचे त्याचे अपुरे स्वप्न त्याच्या पत्नीने, मुंबईच्या मराठी, गुजराती आणि हिंदी रंगभूमीवर वावरलेल्या अरुंधती नाग यांनी, चौदा वर्षे अर्ज-विनंत्या, देणग्या आणि मंजुऱ्या यांचा पाठपुरावा करून 2004 साली पूर्ण केले. आठवड्यातून सहा दिवस तेथे नाटक होते. प्रयोगाची वेळ झाली की दरवाजा बंद होतो, मग येणारा कितीही मोठ्या हुद्द्याचा असो. तिथल्या उपाहारगृहातल्या साबुदाणा वड्याची कीर्ती तर नाटकांइतकीच पसरली. 2006 पासून 'अहा!' या नावाने तेथे मुलांच्या रंगभूमीचा उपक्रम चालतो, आणि जर्मनीतील मानहाइमच्या श्नाव्ल या बालरंगभूमीच्या सहकार्याने निर्वासित मुलाची कथा सांगणारे 'द बॉय विथ अ सूटकेस' हे नाटकही 2011 मध्ये तेथे उभे राहिले. पुण्यात मोहन आगाशे यांनी 1986 पासून बर्लिनची ग्रिप्स पद्धती रुजवली, तिचीच ही सख्खी बहीण मानावी: मुलांना परीकथा नव्हे, त्यांचेच प्रश्न दाखवावे, असा दोन्हींचा आग्रह.

परंतु एका नाट्यगृहाने शहराच्या सर्व शाळांचा भार वाहावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीत घरातून पळून जाऊन दाखल झालेल्या बी. व्ही. कारंतांनी रवींद्रनाथांच्या पोपटाच्या कथेवरून 'पंजर शाले' हे नाटक मुलांसाठी बसवले, त्यात पिंजरा सजवण्याच्या नादात पक्ष्याचाच जीव जातो; ते आजही कर्नाटकातील शिक्षकांनी पुन्हा पुन्हा पाहावे. याच राज्याने काही सरकारी माध्यमिक शाळांत नाट्यशिक्षकांच्या स्वतंत्र नेमणुका केल्या, ही अन्य राज्यांना लाजवणारी दूरदृष्टी होती. केंद्राच्या 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात नाट्यासह सर्व कलांना इतर विषयांइतके स्थान देण्याचा निर्धार आहे, पण दप्तरी लिहिलेला निर्धार आणि वेळापत्रकातली तासिका यांत फार अंतर असते. बहुतेक शाळांत नाटक हे स्नेहसंमेलनाच्या आधीच्या पंधरवड्यापुरते उरते, आणि तेही बाहेरून बोलावलेल्या नृत्यदिग्दर्शकाच्या हाती, ज्यात मुले ध्वनिमुद्रित संवादांवर ओठ हलवतात. ज्याला स्वतःचा आवाजही वापरू दिला नाही, त्याला रंगभूमीने काय शिकवावे?

बंदीचा कायदा होवो वा न होवो, मुलांच्या हातून फोन काढून घेणाऱ्याने त्यांच्या हाती दुसरे काही दिले पाहिजे. शिक्षणखात्याने नाट्यशिक्षकांची पदे तालुक्या-तालुक्यांत मंजूर करावीत, शाळांनी आठवड्याची एक तासिका नाटकाला नेमून द्यावी, आणि बंगळूरच्या मराठी कुटुंबांनी, गणेशोत्सवापुरत्या एकांकिकेवर समाधान न मानता, या आठवड्यातच एका संध्याकाळी आपल्या नववीतल्या मुलामुलीला जयप्रकाश नगरात घेऊन जावे. तिकीट मिळेल, मात्र वेळेवर पोचा, उशिरा येणाऱ्याला तेथे प्रवेश नाही.